कैलासने सोडलेली गणपतीची सुट्टी

आखातात, सलमाबादच्या आमच्या खोलीत सगळे गुहागरकडचे, सगळे एसीच्या कंपनीत. मी तिथला स्टोअरकीपर, जयप्रकाश. पाना नेणारा तो परत आणील की नाही, हे मला त्याच्या चालण्यावरून कळतं. त्याच खोडीने मी खोलीतल्यांच्या गावच्या आठवणीही जोखून ठेवल्यात. सुयोगची आठवण आवाजी: जाखडी नाचाचे व्हिडिओ लावतो आणि वर आपणही गळा काढतो. कैलासची आठवण तपासनीस. दर शुक्रवारी बायकोला, अपेक्षाला, व्हिडिओ कॉल लावायचा आणि तिला घरभर फिरवायचा. "पडवीत चल. आता न्हाणीमागं. केळ दाखव. पानं कोणी कापली?" आम्ही मागून ओरडायचो, "वहिनी, साहेबांचं इन्स्पेक्शन झालं का?"

इथला उन्हाळा म्हणजे एसीवाल्यांचा हंगाम. म्हणून गणपतीला कंपनी खोलीतून एकालाच सोडते. कोण जाणार, ते आम्ही भाताच्या टोपात चिठ्ठ्या टाकून ठरवतो. यंदा नाव कैलासचं निघालं.

"सुयोगला जाऊ दे," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सुयोगने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. मी तर त्याच्या दिलदारपणावर भाषण ठोकलं. इथेच माझा तराजू फसला. गणपतीची सुट्टी सोडणारा कोकणी माणूस एक तर संत असतो, नाहीतर आजारी. आणि कैलास संत नव्हता, तो बिनधास्त दुसऱ्याचा साबण वापरायचा. शुक्रवारचं इन्स्पेक्शन बंद पडलं होतं. वहिनी फोनवर काहीही बोलो, हा "बरं" एवढंच म्हणायचा. जेवण ताटात चिवडून ठेवायचा. हे सगळं मला दिसत होतं, पण मी ते उष्णतेच्या खाती टाकलं होतं.

सुयोग गावाहून परतला तो अपेक्षाने जुन्या साडीच्या कापडात शिवून दिलेलं गाठोडं घेऊन. आमच्यात असं गाठोडं आलं की त्यावर आधी झडप पडते, मग मालक विचारतो काय उरलंय ते. कैलासने ते खाटेखाली सरकवलं. दिवस गेले, करंज्यांच्या वासावर मुंग्या आल्या.

दुपारची जेवणं उरकून बाकीचे बाहेर गेले होते. मी म्हटलं, "कैलास, मुंग्या लागल्यात रे."

"लागू दे."

मी त्याच्या खाटेवर बसलो. "वहिनीशी भांडलास?"

"नाय."

"मग दुसरी शोधलीस? सलमाबादेत? तुला तर शेळीपण उभं करणार नाय."

एरवी त्याने मला उशी फेकून मारली असती. आज त्याने उशी हातातही घेतली नाही. मग म्हणाला, "जेपीभाऊ, मला आठवणच येत नाय. ती फोनवर केळ दाखवायची. मी केळ बघायचो. आत काय हलायचंच नाय. घरी गेलो नि घरीपण काय वाटलं नाय तर? म्हणून दिली चिठ्ठी."

तोच पुढे म्हणाला, "छपरावर युनिट लावताना वाटतं, हात सोडावा."

"मरायचं मनात येतं?" मी सरळ विचारलं.

"येतं."

सुयोग आत आला, त्याने एवढंच ऐकलं. घाबरून म्हणाला, "बाबांना फोन करतो, देवाला कौल लावायला सांगतो. कोणाची तरी नजर हाय."

"लाव. तोवर आम्ही डॉक्टरकडे जाऊन येतो."

"वेड्याचा डॉक्टर?" कैलास उठून बसला. "व्हिसा खलास होईल. गावात कळलं तर?"

"छपरावरून पडलास तर गावात कळणार नाय का? चप्पल घाल."

त्याला एकटं सोडायचं नाही एवढं मला कळत होतं. तसेच सलमानियाच्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथे डॉक्टर आतिका होत्या, हिंदी बोलणाऱ्या. झोप, भूक, कामातलं मन, मरणाचे विचार, सगळं त्यांनी शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या, "ये डिप्रेशन है. बीमारी है, कमज़ोरी नहीं." गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, बोलायला येत राहायचं, उंचीवर काम नको, सोबत कोणीतरी हवं. कंपनीला दाखवायला तसं पत्रही दिलं.

कैलासने एकच विचारलं. "मॅडम, याद वापस आएगी?"

"पहले नींद आएगी. याद भी आएगी, इंशाल्ला." इंशाल्ला म्हणाल्या खऱ्या, पण पुढची तारीख लिहूनच दिली. मला बाई पटल्या.

पत्र दाखवून मी त्याला स्टोअरमध्ये माझ्याजवळ घेतला. गोळ्यांनी आधी त्याचं फक्त तोंड कोरडं पडलं. "बंद करतो," म्हणाला. मी त्याला पुन्हा आतिकाबाईंसमोर नेऊन बसवला. त्यांनी गोळी बदलली. हळूहळू तो झोपू लागला. बाकी खातं कोरडंच. मी रोज त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि स्क्रू मोजतोय असं दाखवायचो.

मग एका शुक्रवारी अपेक्षाचा फोन आला. मी भाजी चिरत होतो. कैलास "बरं, बरं" करत होता. मध्येच थांबला.

"न्हाणीमागं चल जरा."

ती गेली असावी.

"केळ कुठाय?"

"तोडली. गणपतीच्या आधी."

"तोडलीस? मला न विचारता?" त्याचा आवाज चढला. "मी लावलेली ती!"

"विचारलं होतं. तुम्ही बरं म्हणालात."

मी सुरी खाली ठेवली. नवराबायकोचं भांडण ऐकून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. पलीकडे बहुतेक वहिनींनाही कळलं असावं, कारण नाक ओढल्याचा आवाज आला.

"ओरडा," त्या म्हणाल्या. "आणखी ओरडा."

तो ओरडला नाही. माझ्याकडे वळला, डोळे भरलेले. "जेपीभाऊ, दुखतंय," म्हणाला, आणि छातीवर हात ठेवला.

"दुखू दे."

त्याने फोन तोंडाजवळ धरला. "बाजूला पिल्लं आलीत काय गं केळीला?"

"हायत की."

"दाखव. असं लांबून नको. जवळ ने. आणखी जवळ."