बिनधुराची गाडी

"धूरबाई, गाडी विजेवर चालते! तिला धुराची नळी कुठून येणार?" फोरमन ओरडला, आणि सगळी शेड पोट धरून हसू लागली.

धूरबाई गाडीच्या मागे वाकल्या होत्या. एका हातात धूर मोजायचा पाइप, दुसरा हात बंपरखाली. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागे बावीस वर्षं त्या अशाच वाकत आल्या होत्या. धूर जास्त दिसला की गाडी परत. एकदा तर त्यांनी खुद्द मालकांचीच गाडी परत पाठवली होती. आता धुराच्या गाड्या बंद व्हायच्या होत्या आणि विजेच्या गाड्या तपासायला आज माणसं निवडायची होती. निवड झाली नाही तर घरी बसायचं. बावीस वर्षांत छातीत इतका धूर गेला होता, की एक तरी बिनधुराची गाडी आपल्या हाताने पास करावी, एवढीच बाईंची हौस होती.

आणि परीक्षेच्या पहिल्याच मिनिटाला सवयीने घात केला.

बाई आधी ओशाळल्या, मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसल्या. "बावीस वर्षांची खोड! एका दिवसात जाते होय?" असं म्हणत त्यांनी हात बाहेर काढला. बोटं ओली होती.

"साहेब, ही गळतेय."

परीक्षा घेणाऱ्या तरुण इंजिनियरने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "शक्यच नाही, बाई. इथे सगळं हिरवं दाखवतंय."

"तिथे दाखवत असेल. माझी बोटं बघा ना!"

इंजिनियर गाडीखाली शिरला. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीची पकड सैल होती. पाणी थेंब थेंब गळत होतं; पडद्याला ते कळायला आणखी आठवडा लागला असता. तो कपडे झटकत बाहेर आला तेव्हा हसणारे सगळे वाकून गाडीखाली बघत होते.

"गाडी परत," बाई म्हणाल्या. हेही सवयीनेच.

तपासणीच्या कागदावर तीस ओळी होत्या, सगळ्या पडद्यावर पाहायच्या. इंजिनियरने खाली पेनाने एकतिसावी लिहिली: मागे वाकून, हात घालून पाहणे. "उद्यापासून इथेच या, बाई. आणि हे आम्हालाही शिकवा."

बाईंनी आनंदाने हातातला पाइप बाजूला ठेवला. तेवढ्यात पुढची गाडी आली. इंजिनियर गुडघ्यावर बसला आणि त्याने बिचकत दोन बोटं बंपरखाली सरकवली.

"अहो, चावत नाही ती! कोपरापर्यंत जाऊ द्या हात."

त्याच्यामागे फोरमन बाह्या सरसावून आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता.