कोटाची ओळ

कवींनी ती ओळ अकरा दिवस घासूनपुसून लिहिली होती. मास्तरांना तिच्या जागी बसलेली ओळ एका सर्दीत सुचली होती. बत्तीस वर्षं लोक सर्दीवालीच गात आले.

दोघांच्या कामाची रीतच तशी. मास्तर आधी चाल बांधायचे आणि चाल विसरू नये म्हणून तोंडाला येईल ते शब्द तिच्यात कोंबायचे, मग ती धोब्याची यादी का असेना. नंतर कवी ते उपसून खरे शब्द घालायचे. एका नाटकात नवरा कायमचा निघून गेल्यावर नायिका गाते, त्या गाण्यात मात्र कवींच्या एका ओळीला उशीर झाला. गायिकेचं आधीचं पाठांतर पक्कं झालेलं. पहिल्या प्रयोगात ती घाबरली आणि डोळे मिटून गायली, "खिडकी लावा, वारा येतो, पाय माझे गार पडले." थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मग ती ओळ काढायची छाती कुणाची?

आज दोघांचा सत्कार होता. रंगपटात कवींनी मास्तरांना कोपऱ्यात गाठलं.

"आज सांगणार आहेस ना?"

"सांगतो रे बाबा. बत्तीस वर्षं माझ्या गार पायांवर मिरवलास, आता ते टोचायला लागले होय?"

"थट्टा पुरे. माझी ओळ एकदा, एकदाच, भरल्या थिएटरात कुणीतरी गावी. दुसरं काही मागत नाही मी."

कवींच्या कोटाची वर आलेली कॉलर मास्तरांनी नीट केली.

रसिक मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. बोलू लागले की समोरच्याने तोंड उघडायचं ते फक्त आ करायला, ही दवाखान्यातली सवय त्यांनी व्यासपीठावरही आणली होती. या जोडीवर त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि त्यातली चाळीस पानं एका खिडकीला दिली होती.

"खिडकी म्हणजे देह! वारा म्हणजे काळ! आणि 'लाव' नाही, 'लावा'! ही विनवणी कुणाला? साक्षात परमेश्वराला!"

कवींनी मान खाली घातली. खिडक्या लावायला परमेश्वराला बोलावतात, तो बिचारा काय म्हणत असेल!

मास्तर उठले. "डॉक्टर, ती ओळ माझी. मला सर्दी झाली होती आणि घरातलं कुणी खिडकी लावेना. यांची खरी ओळ वेगळीच आहे."

सभागृह खो खो हसलं. "काय हा विनय!" म्हणत डॉक्टरांनी डोळे पुसले. मग मास्तरांनी माइक कवींच्या हातात दिला. कवींनी वाचली,

"कोट तुझा खुंटीला आहे, खांदे त्याचे थकले रे."

कुणीतरी खोकलं.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले, "पण त्या उंचीची नाही. पुढच्या आवृत्तीत तळटीपेत टाकू."

दोघांना पहिल्या रांगेत बसवून नव्या गायिकेने गाणं सुरू केलं. तिसऱ्या कडव्याला सगळं थिएटर तिच्यासोबत गाऊ लागलं आणि नऊशे माणसांचे पाय एकदम गार पडले. कवी आपल्या चिरक्या आवाजात एकटेच कोट गात होते.

शेजारून डॉक्टर वाकले. "कविराज, शब्द चुकताय."

ओळ दुसऱ्यांदा आली. या खेपेला कवींच्या दुसऱ्या बाजूनेही कोटाचेच शब्द आले. मास्तर डोळे मिटून, सुरात, पोटापासून गात होते.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मागे वळून हळहळले, "वय झालं हो!"

कवींनी ऐकलं. तरी तिसऱ्यांदा ओळ आली, तेव्हा ते आणखी मोठ्याने गायले.