वहीतली शून्यं

डोळे मिटून पाच बटणं लावायची, ही परीक्षा. आणि घेतायत कोणाची, तर माझी! एकतीस वर्षं मी लोकांच्या कोटांना हाताने काजं घालतेय. बटण लावायला मला बोटं लागतच नाहीत, नुसती सवय पुरते. हॉस्पिटलच्या संशोधन विभागातली सिस्टर शर्टाचा पुढचा भाग माझ्यासमोर टेबलावर अंथरायची आणि घड्याळ लावायची. मी टपाटप पाचही बटणं लावून मोकळी. ‘‘वीस सेकंद! वा काजवाल्या बाई, बोटं ठणठणीत आहेत तुमची,’’ म्हणत ती कागदावर खूण करायची आणि मी हसायचे. हाताखाली बटण आहे की नुसती हवा, तेसुद्धा मला कळत नव्हतं.

नीट सुरुवातीपासून सांगते. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्यातला कॅन्सर कापून काढला. ऑपरेशन छान झालं, पण जवळच्या तीन गाठींत तो आधीच जाऊन बसला होता. डॉक्टर म्हणाले, मागे काही उरलं असेल तर ते मारायला औषध द्यायचं. ते तीन महिने दिलं तरी पुरतं, की सहा महिने द्यावंच लागतं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. आपण सही करायची, मग कोणाला तीन आणि कोणाला सहा ते कॉम्प्युटर ठरवणार. मला सहा आले. बक्षीस लागल्यासारखं मी नणंदेला दारातूनच ओरडून सांगितलं.

दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, मधल्या दिवसांत गोळ्या, असे आठ डोस. शिवाय एक वही. बोटांना मुंग्या येतात का, बधिर होतात का, ते दर आठवड्याला शून्य ते चारमधल्या आकड्यात लिहायचं, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. सिस्टरने पहिल्याच दिवशी समजावलं होतं, ‘‘सलाईनमधल्या औषधाचा नसांना त्रास होतो. काहींचा जातो, काहींचा कायमचा राहतो. आकडा वाढला तर आम्ही औषध कमी करू, वेळ पडली तर बंद करू. म्हणून खरं तेच लिहा.’’ एवढ्या सगळ्यातला मी एकच शब्द ऐकला, बंद.

मला भीती वाटते हो. तोंडाने मी कितीही खमकी असले तरी आतून पार पाचावर धारण बसलेली असते. मशीन चालवता चालवता हात पोटावर जातो. संडासात गेलं की खाली बघायचं धाडस होत नाही, आणि न बघता बाहेरही पडवत नाही. कोणी सहज म्हणालं, ‘बारीक झालात,’ की मी आरशात गालांची हाडं बघत बसते. अशा बाईच्या हातात वही देऊन म्हणतात, खरं लिहा!

तिसऱ्या डोसानंतर गार कात्रीला हात लावला की झिणझिण्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मी कात्रीच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या. नणंदेला सांगितलं, हाताला घाम येतो. आमच्या या नणंदेला घरात सगळे छकुली म्हणतात. वय पन्नास, अंगाने दणकट, आवाज भोंग्यासारखा, तरी छकुलीच. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, नऊ वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून शिवणाचं दुकान आम्ही दोघीच चालवतो. कापायचं आणि इस्त्रीचं तिच्याकडे, शिलाई आणि काजं माझ्याकडे. ‘‘वहिनी, भर थंडीत तुला घाम?’’ तिने विचारलं. ‘‘तुझी बडबड ऐकून येतो,’’ मी म्हटलं. ती हसली नाही, ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चौथ्या डोसानंतर कप हातातून सुटला. पाचव्यानंतर सुईत दोरा ओवेना. सहाव्यानंतर काज घालताना सुई बोटात शिरली आणि मला कळलं ते अस्तरावर लाल ठिपका दिसला तेव्हा. ठिपका थंड पाण्याने धुवायचा, तर पाण्यात हात घालायचीही सोय नाही. थुंकीने पुसला आणि मूठ मिटून बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. अठरा आठवडे, वहीत अठरा शून्यं.

सातव्या डोसाला छकुली सोबत आली. संशोधनाच्या खोलीत एक चाळिशीचा माणूस सिस्टरसमोर बसला होता. त्याचंही आतड्याचंच ऑपरेशन झालेलं. समोर संमतीचा कागद, हातात पेन, आणि पेन काही खाली टेकेना.

‘‘मी घड्याळं दुरुस्त करतो,’’ तो सिस्टरला सांगत होता. ‘‘मोहरीएवढे स्क्रू असतात. मला सहा महिने आले आणि बोटं गेली तर मी करायचं काय?’’

‘‘तसं झालंच तर आम्ही औषध थांबवतो,’’ सिस्टर म्हणाली आणि तिला मी दिसले. चेहरा केवढा खुलला तिचा! ‘‘अहो, या बघा आमच्या काजवाल्या बाई. यांचंही सुईचंच काम. सहा डोस झाले, बोटांना काही नाही. विचारा त्यांनाच.’’

तो माणूस माझ्याकडे वळला. बाई गं, काय बघत होता तो! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते, अगदी तसं. ‘‘खरंच काही होत नाही?’’ त्याने विचारलं.

‘‘नाही,’’ म्हणाले मी. तोंडातून आपसूकच निघालं, अठरा आठवड्यांची सवय होती ना.

‘‘मग करतो सही,’’ असं म्हणून त्याने हुश्श केलं आणि पेन कागदावर टेकवलं.

अरे, हा माणूस माझ्या शून्यावर सही करतोय! मी वहीत थाप मारली ती माझ्या जिवासाठी, त्यात याचा काय संबंध, असं मी स्वतःला सांगून बघितलं. सांगता सांगता त्याची बोटं दिसत होती, लांब, स्वच्छ, नखं बारीक कापलेली. बोलले तर माझं औषध बंद. नाही बोलले तर याचे हात. मला पळून जावंसं वाटलं. देवाशपथ सांगते, मी दाराकडे बघितलंसुद्धा. दारात छकुली उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘‘थांबा,’’ मी म्हटलं. आम्हा शिवणवाल्यांच्या कपड्यांना छातीशी चार टाचण्या कायम खोचलेल्या असतात. त्यातली एक काढली आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटात खुपसली, चांगली पाव इंच. तो माणूस कळवळला. मी नाही. रक्ताचा थेंब टेबलावर पडला.

‘‘मला काही लागलं नाही,’’ मी म्हणाले. आवाज फाटला होता माझा. ‘‘महिनाभर काहीच लागत नाही. वहीत सगळं खोटं लिहिलंय. तुम्ही सही करा नाहीतर नका करू, पण माझ्यावर विसंबून नको.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! सिस्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, तिचे डोळेच भरून आले. घड्याळवाल्याने पेनाला टोपण लावलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि ‘घरी बोलून ठरवतो’ म्हणून निघाला. जाताना मला नमस्कार केला.

मग डॉक्टर आले. नसा तपासायचा लोखंडी चिमटा टणकन वाजवून, तो थरथरत असतानाच माझ्या बोटांना टेकवला. थरथर जाणवते? नाही. इथे? नाही. मनगटाच्या हाडावर? जराशी. ते खुर्चीत मागे टेकले. ‘‘सलाईनमधलं औषध आजपासून बंद. गोळ्या चालू ठेवू.’’

‘‘बंद केलं म्हणून कॅन्सर परत येईल का?’’ मी विचारलं. महिनोन् महिने गिळत आलेला प्रश्न होता तो.

डॉक्टरांनी माझी नजर चुकवली नाही. ‘‘माहीत नाही, बाई. तेच तर शोधतोय. म्हणून तर वही खरी लागते.’’

मला वाटलं होतं की यांना माहीत असतं. ज्याला माहीत आहे असा एक तरी माणूस त्या इमारतीत असेल, एवढ्या आधारावर मी तग धरून होते. कोणीच नव्हता.

सिस्टरने वही परत दिली. प्रत्येक चुकीच्या शून्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरा आकडा आणि सही. आठवत नसेल तर तसं लिहायचं. मी बाहेर बाकावर बसले. पेन बोटांतून निसटत होतं, आणि कुठल्या आठवड्यात काय झालं ते काही केल्या आठवेना.

‘‘आण इकडे,’’ छकुली म्हणाली. ‘‘मी सांगते. आठव्या आठवड्यात तू कात्रीला चिंध्या बांधल्यास. अकराव्यात कप फोडलास. चौदाव्यात सुई ओवायला मला दिलीस, म्हणालीस चष्म्याचा नंबर वाढलाय.’’

‘‘तुला सगळं माहीत होतं?’’

‘‘पंधराव्या आठवड्यापासूनची सगळी काजं मी उसवून पुन्हा घातलीत, वहिनी. रोज, तू पडायला गेलीस की.’’

महिनाभर मी स्वतःला समजावत होते की बोटं गेली तरी हात जागेवर आहे, काज काही बिघडत नाही. ‘‘एकही धड नव्हतं?’’ मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

‘‘मग बोलली का नाहीस गं? एरवी तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढी बोलतेस.’’

‘‘औषध बंद केलं असतं ना त्यांनी,’’ ती म्हणाली, इतक्या हळू की मला वाकावं लागलं. ‘‘दादा गेला. आता तू गेलीस तर मी काय करू?’’

मग तिने माझी बोटं पेनाभोवती एकेक करून नीट बसवली, वर आपला हात ठेवला आणि वहीतलं आठव्या आठवड्याचं पान काढलं.