मडक्यातला कवड्या

पोखर्णीजवळच्या त्या वाडीत साप चावलेलं माणूस आधी मारुतीच्या पारावर न्यायचा रिवाज होता. त्यात नामांतराच्या बंदमुळं एस.टी. नव्हती. तात्याराव मांत्रिकानं बन्सीधरला लिंबाचा पाला चावायला दिला.

"कडू लागतंय?"

"लागतंय."

"मंग बिनइषारी कवड्याच हाय. मण्यार असती तर पाला गोड लागला असता."

बन्सीधरच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या. लोक म्हणाले, देवापुढं झोप लागायलीय. कस्तुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला चावून साप घरातल्या रिकाम्या मडक्यात शिरला होता अन् तिनं वर फडकं आवळलं होतं. ती तरातरा गेली आणि ते मडकं आणून तात्यारावासमोर आदळावं तसं ठेवलं.

"कवड्या हाय न्हवं? मंग घाला हात आत!"

तात्यारावानं हात पाठीमागं घेतला.

"का हो? तुमचाच जीव जीव हाय, अन् माझ्या मालकाचा?"

गर्दीतल्या सूर्यभाननं बन्सीधरला दवाखान्यात न्यायला पारामागचा आपला ट्रॅक्टर चालू केला. तशी ती त्याच्यावरच कडाडली,

"मेल्या, हा ट्रॅक्टर मघापासून हितंच उभा व्हता की रं!"