मुन्शीजींचा होकार

भाषावार राज्य झालं आणि कचेरीतली उर्दू गेली. तेव्हापासून गुलमंडीत गयास मुन्शींच्या बैठकीवर गर्दी वाढली. घराघरातून निजामाच्या वेळचे उर्दू कागद निघायला लागले. गयासमियां प्रत्येकाला म्हणायचे, "ठेवून जा. जुमेरातला, गुरुवारपर्यंत मराठी करून देतो."

साठी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. दिवसाला दोन कागद उरकायचे, यायचे सात-आठ. पण नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, तो त्यांना बघवत नसे.

बिडकीनच्या मनकर्णाबाईंनी बापानं दिलेल्या शेताचं बक्षीसपत्र दिलं होतं. भाऊ ते शेत मागत होता. कागदासाठी बाईंनी तीन खेपा घातल्या. चौथ्यांदा आल्या तो मंगळवार होता.

"कचेरीतली तारीख काल झाली, मुन्शीजी."

गयासमियांनी गठ्ठा उपसला. बक्षीसपत्र तळाशी होतं, घडीसुद्धा न मोडलेलं.

"साहेबानं कागद मागितला. म्हणलं, मुन्शीजी देणार हायेत. शेत भावाच्या नावावर चढलं."

बाई ओरडल्या नाहीत. ओट्यावर टेकल्या.

"पहिल्याच दिवशी नाय म्हणला असतात, तर उस्मानपुऱ्यात दुसऱ्या कुणाकडं गेले असते मी."

गयासमियांनी त्यांना पाणी दिलं. "अपील करता येतं, बाई. बसा, आत्ताच याचं मराठी करून देतो."

"मग मिळंल शेत?"

'मिळंल की, काळजी नको,' हे शब्द अगदी ओठांवर आले. ते त्यांनी गिळले.

"ते मला सांगता यायचं नाय."

बाईंचा चेहरा उतरला. या वेळी ते बघत राहिले, मग खाली मान घालून लिहायला लागले. दुपार कलली तेव्हा कागद झाला. बाई तो पदरात बांधून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गयासमियां लोकांचे कागद परत करत घरोघर हिंडले. कुणी शिव्या दिल्या, कुणी मुकाट्यानं घेतले. कापडवाले बद्रीनाथ हात जोडून म्हणाले, "महिन्यानं द्या, पण तुम्हीच द्या."

"माझ्याच्यानं व्हायचं नाय, शेठजी."

घरी आले तेव्हा पाय सुजले होते. त्यांच्या बायकोनं, जैतुनबींनी विचारलं, "झाले सगळे वाटून?"

"अजून अकरा आहेत," म्हणत ते भिंतीला टेकले.

मनकर्णाबाईंचं अपील दोन वर्षं चाललं. निम्मं शेत परत मिळालं. गयासमियांना हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं. बाई स्वतः पुन्हा कधी गुलमंडीत आल्या नाहीत.