गोदाबायची चूळ

हळदीच्या मांडवात बायकांना चुळा भरायला लावणारी अख्ख्या दिवा गावात एकच, काळुरामची लेक करिश्मा. ठाण्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात ती नोकरीला. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या पण धडधाकट बायकांच्या तोंडाचा अभ्यास तिथे चालला होता. ठाण्यासोबत श्रीलंका, ब्राझील आणि नॉर्वेतली हॉस्पिटलं त्यात होती. चुळीचं पाणी सगळीकडून नॉर्वेला जायचं आणि तिथे तपासलं जायचं. करार कडक होता. बाटलीवर नुसता नंबर आणि ती कुठे भरली ते टाकायचं, नंबर कुणाचा ते पुसून टाकायचं. बायाबापड्यांची गुपितं परदेशात नकोत, म्हणून हा सोवळेपणा.

आता एवढ्या मिश्रीवाल्या एका जागी कुठे मिळणार? चुलतभावाची हळद आली नि करिश्माचं काम सोपं झालं. त्या सकाळी मिश्री लावू नका, एवढंच तिने बजावलेलं. पोर आपली, तिचा शब्द कसा मोडायचा? एकेकीने मोरीत जाऊन बाटली भरून आणली. गोदा, करिश्माची आई, तर लेकीच्या कौतुकाने मांडवभर मिरवत होती.

गणपती गेले आणि अभ्यासाचं काम बघणाऱ्या डॉक्टर सुमेधा मॅडमनी करिश्माला केबिनमध्ये बोलावलं.

“तुझ्या मांडवातल्या एका बाटलीत कॅन्सरच्या खुणा आहेत.”

कुणाची बाटली, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. नॉर्वेवाल्यांनाही नव्हतं. करिश्मा मनात एकेक बाई मोजू लागली. तिच्याच काक्या, माम्या, वहिन्या. त्यातली एक मरणाच्या वाटेला लागलेली, आणि कुणाला सांगायचं तेच कळेना.

ती घरोघर फिरली. बायकांनी आधी हसण्यावारी नेलं, मग तोंडं वाकडी केली. लग्नाघरचं पाणी नेलंस नि आता अभद्र बोलतेस, असं एका काकीने सुनावलं. करिश्माने पाय धरले, शपथा घातल्या, रिक्षा करून एकेकीला ठाण्याला नेलं. दिवाळी त्यातच गेली.

घरी जेवताना तिची नजर आईच्या तोंडावरून हटत नसे. शेजारी काळुराम ताकभात कालवत बसलेला असायचा. उभा जन्म मिठागरात राबलेला हा माणूस, सुकटीच्या कालवणाशिवाय ज्याचं पान हलत नसे, तो हल्ली वाटी मागे सारायचा. वय झालं, तिखट सोसत नाही, असं गोदा म्हणायची. करिश्मा हो ला हो करायची आणि पुन्हा आईकडे बघायची.

सगळ्या बायका तपासून झाल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या, गोदासुद्धा. करिश्माने गावदेवीला नारळ फोडला. नॉर्वेवाल्यांचं यंत्र चुकलं असणार, असं तिला मनापासून वाटलं, आणि मॅडमनी तिकडे तसं कळवलंही.

रविवारी दुपारी मॅडमचा फोन आला.

“करिश्मा, त्यांनी पुन्हा तपासलं. खुणा खऱ्या आहेत. आणि ते विचारतायत, बायकांच्या बाटल्यांत ही एक पुरुषाची कशी आली?”

गोदा ओट्याशी जवळा निवडत होती. करिश्मा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बापाने मागे सारलेली वाटी तिला आता आठवत होती.

“आये, हळदीच्या दिवशी तुझी चूळ कोणी भरली?”

गोदा आधी हसली. लेकीचं तोंड पाहून तिचं हसू विरलं.

“मिश्रीबिगर माझं डोकं उठतं गो. त्या दिवशी लावलेली मी. तुझं काम नको अडाया, म्हणून तुझ्या बापाला बोललू, तू भर. चूळ ती चूळ.”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशी गत. गावभरच्या बायकांची तोंडं उघडून पाहिली, आणि ताटाला ताट लावून बसलेल्या बापाकडे एकदा पाहिलं नाही. करिश्माला स्वतःचाच भयंकर राग आला. ती पडवीत गेली. काळुराम बाजेवर बसून शेजाऱ्याशी टँकरच्या पाण्यावरून हुज्जत घालत होता.

“बाबा, जरा तोंड उघडा.”

त्याला वाटलं, लेक चेष्टा करते. तरी त्याने उघडलं. हॉस्पिटलात तपासतात तशी तिने दोन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहिली. ती जाईनात.

“उघडा ना, बाबा. मोठं.”

“एवढाच उघडतंय गो,” काळुराम म्हणाला. “हळदीच्या आधीपासून.”