मागचं दार

खोलीतला बंदुकीचा आवाज थांबला आणि मोतीबाईचा हात भाकरीवरच थांबला. तिनं चुलीपुढून मान वळवून बंद दाराकडं पाहिलं. ओसरीत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, हिरासिंगनंही चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला. भाकरीतून धूर निघू लागला तरी दोघं हलली नाहीत. मग आत पुन्हा धडधड सुरू झाली, लोखंडावर गोळ्या आपटल्या, कुणीतरी किंचाळलं, आणि मोतीबाईनं करपलेली भाकर उलटली.

"हाय," ती एवढंच म्हणाली.

महिन्यापूर्वी फोनवरच्या खेळाच्या याच आवाजाला ती तोंडभरून शिव्या घालत होती. फोन विहिरीत टाकते म्हणायची. आता लेकरू जिवंत असल्याची तेवढीच खूण उरली होती. तिचा धाकटा लेक, कुलदीप, संक्रांतीपासून त्या खोलीत होता. पहाटे सगळे झोपेत असताना बाहेर जाऊन येई, दारात ठेवलेलं ताट कधी आत घेई, कधी नाही. परवापासून तो पहाटेही बाहेर आला नव्हता आणि ताटं जशीच्या तशी परत जात होती. मोतीबाईनं फवारणीची औषधं केव्हाच दिराच्या घरी नेऊन ठेवली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि हिरासिंगनंही विचारलं नाही.

कुलदीप काही लहान पोर नव्हता. त्याच्याबरोबर आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर पहाटे पळणारे वसराम आणि भावसिंग पोलिसात लागून त्यांची लेकरं शाळेत जाऊ लागली होती. पळण्यात कुलदीपचा हात धरणारा तांड्यात कुणी नव्हता. मागं पडणाऱ्याला दंडाला धरून ओढत न्यायची त्याला सवय. पुढच्या वर्षीची पोरं, त्याच्या पुढच्या वर्षीची पोरं, सगळ्यांना त्यानंच पळवलं आणि तीही एकेक करून लागली. हा मात्र लेखी परीक्षेत दर खेपेला थोडक्यात राहायचा. असं राहता राहता यंदा भरतीचं वयच निघून गेलं. त्या दिवशी त्यानं पळायचे बूट धुऊन वाळत घातले, खोलीत गेला आणि आतून कडी लावली.

दार तोडून झालं होतं. भाऊबंदांनी एकदा खांदा लावून ते पाडलं, तेव्हा कुलदीप निमूट बाहेर आला, आंघोळ केली, जेवला, सगळ्यांना रामराम केला. दुसऱ्या दिवशी स्वतः कळमनुरीला जाऊन मनगटाएवढी जाड कडी घेऊन आला आणि दार नीट बसवून ती आतून ठोकली. खिडकीला पोतं मारलं. असल्या माणसाचं काय करायचं, हे भाऊबंदांना कळेना. ते आपापल्या हळदीच्या काढणीला निघून गेले.

त्यात काल तांड्याची डीपी जळाली. लाईट गेली ती आलीच नाही. कुलदीपकडं पॉवर बँक होती, म्हणून आवाज अजून चालू होता. ती संपली की फोन संपणार, आणि मग आत काय चाललंय हे कळायला काही उरणार नव्हतं. हिरासिंगनं सकाळपासून वायरमनला तीनदा फोन केला होता.

दुपारच्या जीपनं संगिता आली. ही थोरली लेक, सेनगावला दिलेली. पिशवी टाकून ती थेट दारापाशी गेली, भावाला हाका मारल्या, दारावर डोकं टेकून रडली. आतून बंदुकीखेरीज काही नाही. मग तिनं डोळे पुसले आणि फोन काढला. भाऊ तिचा फोन उचलत नव्हता म्हणून तिनं तोच खेळ आपल्या फोनवर घेतला होता आणि नवऱ्याच्या शिव्या खात आठवडाभर शिकली होती.

"घरच्याला उत्तर देत न्हाई बा तो," ती म्हणाली. "पण खेळातल्या माणसाला देतो. मला घेतो त्यो टोळीत."

हिरासिंग तिच्या शेजारी बसला. पडद्यावर आभाळातलं एक जहाज होतं, माणूस नसलेलं, आतून जुनाट आणि गंजलेलं. लांबलचक लोखंडी बोळ, पाईपातून निघणारी वाफ, फिरणारा तांबडा दिवा. कोपऱ्यात एक यंत्र टुक टुक करत होतं आणि जहाजात लपलेलं जनावर जवळ आलं की त्याची टुकटुक वाढत होती. या बोळातून हिरासिंग शंभरदा गेला होता.

बाळापूरला बसस्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ चालायचा, तेव्हा हिरासिंग तिथं सांगायच्या कामाला होता. कॅसेट इंग्रजी, बघणारी माणसं तांड्यावरची आणि आसपासच्या खेड्यांतली. मग टीव्हीशेजारी स्टुलावर बसून, हातात वेताची छडी घेऊन हिरासिंग सगळं समजावून सांगे. त्याला इंग्रजी येत होतं अशातला भाग नाही. नववीत मास्तरांनीच हात टेकले होते. पण तो एकदा रिकाम्या शेडमध्ये पिक्चर पाहून घेई आणि मग अशा काही थाटात सांगे की जणू त्या जहाजात त्याचा सख्खा चुलता कामाला होता. जहाजाला तो उडतं गोदाम म्हणायचा. मारामारीचे, प्रेमाचे सगळे पिक्चर त्यानं सांगितले, पण लोक गर्दी करायचे ते आभाळातल्या जनावराच्या पिक्चरला.

त्या पिक्चरांची एक रीत होती. शेवटी जहाज फुटायच्या बेतात येई, एक बाई थंड आवाजात उलटे आकडे मोजू लागे आणि लोखंडी दार खाली येऊ लागे. ते वर धरून ठेवायला कुणीतरी एकजण आत राही. बाकीचे निसटत. पहिल्या खेपेला हिरासिंगनं खरं तेच सांगितलं, की तो मेला. पिक्चर संपला, शेड रिकामी झाली, पण तांड्यातल्या हरिचंदची आजी जागची उठेना. म्हातारीनं घागऱ्यात गुडघे घेतले आणि म्हणाली, त्या लेकराला असं आत कोंडून मी घरी जाऊ कशी. हिरासिंगनं पुष्कळ समजावलं. शेवटी त्यानं टीव्हीच्या मागं छडी दाखवली.

"आजी, निघाला त्यो. मागच्या दारानं."

म्हातारी उठली, ओढणी सावरली आणि गेली. तेव्हापासून हिरासिंगच्या पिक्चरात आत राहिलेला कुणी मेला नाही. पडद्यावर जहाजाच्या ठिकऱ्या उडत आणि हिरासिंग छडी उचलून सांगे, मागं दार होतं, त्यातून गेला. लोक विश्वास ठेवत. त्याच्या पायाशी बसलेला पाच-सहा वर्षांचा कुलदीप तर उठून टीव्हीच्या मागं जाई आणि परत येऊन ऐटीत सांगे, गेला गेला, मी पाहिला.

पुढं हे पिक्चरच हिंदीत येऊ लागले, मग घरोघरी डिश आली, व्हिडिओची शेड पाडून तिथं खताचं दुकान झालं. हिरासिंग शेतीला लागला. ते बोळ, ती टुकटुक, ती आकडे मोजणारी बाई कायमची गेली असं त्यानं धरून चाललं होतं.

"हे तर माझे पिक्चर हायेत," तो संगिताच्या फोनकडं बघत म्हणाला.

संगितानं सांगितलं की खेळ बनवणारे तेच पिक्चर बघत मोठे झालेत, म्हणून सगळे जहाजाचे खेळ असेच दिसतात. हिरासिंगनं मान डोलावली. पण त्याला एक फरक कळला आणि तो हादरला. पिक्चरात दुसरं कुणी मागं राही आणि आपण हळहळत घरी येत असू. इथं ते दार वर धरायचा दांडा आपल्याच लेकराच्या हातात होता.

"रोज हाच थांबतो," संगिता खालच्या आवाजात म्हणाली. "दुसरं कुणी थांबायला तयार नसते. म्हणून तर सगळे ह्याला बोलावतात."

फोनमधून कुणा परक्या पोराचा आवाज आला, "कुलदीप भाई रुकेगा, बाकी सब निकलो." मग कुलदीप बोलला. त्याचा आवाज आधी दाराआडून आला आणि क्षणभरानं फोनमधून, असा दोनदा.

"चार्जिंग खतम हो रही है. ये मेरा आखरी है. इसके बाद नहीं आऊंगा."

संगिताचं तोंड पांढरं पडलं. मोतीबाईला हिंदी फारसं येत नव्हतं, पण तीही चुलीपासून उठून आली होती.

"दे इकडं," हिरासिंग म्हणाला.

त्यानं फोन दोन्ही हातांत धरला. खेळता येत नव्हतं, त्यामुळं संगिताचा शिपाई भिंतीला नाक लावून उभा राहिला. संगितानं बापाचं बोट धरून शिपायाला वळवलं. बोळाच्या टोकाला खाली येणारं दार होतं आणि दारापलीकडं दांडा धरून वाकलेला एक माणूस, त्याच्या डोक्यावर कुलदीपचं नाव. बाकीचे निसटले होते.

"संगी, निघ," कुलदीप म्हणाला. "फुटते आता."

"संगी न्हाई. बा हाय."

खेळातल्या बाईचे उलटे आकडे तेवढे चालू होते.

"तुमी काहून आले इथं? निघा, बा."

"तुला घेऊन जातो."

"कुणाला तरी धरावं लागते दार."

मागं राहायचं तर ह्यानंच का, हे हिरासिंगला सगळ्या भरतीवाल्यांना, सगळ्या खेळवाल्यांना, देवालाही विचारायचं होतं. पण जुनी सवय तोंडात होती. नसलेली छडी उचलावी तसा त्याचा हात वर गेला.

"मग मागच्या दारानं निघ, बेटा."

कुलदीपच्या आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसानं हिशोब द्यावा तसा तो बोलला.

"मागं दार न्हाई बा. मी रोज पाहून राहिलो. सगळी भीत हात लावून पाहिली."

पडदा पांढरा झाला. कुलदीपचं नाव त्यावरून गेलं. खोलीतला आवाजही त्याच वेळी तुटला, आणि या खेपेला तो परत आला नाही. मोतीबाईनं दाराला कान लावला. संगितानं हाक मारली, मग ओरडून मारली. आत पॉवर बँक संपली होती की दुसरंच काही झालं होतं, कुणाला ठाऊक.

हिरासिंग उठला. दाराकडं तो गेलाच नाही. गोठ्यातली पहार घेतली आणि घराला वळसा घालून मागं गेला. कुलदीपच्या खोलीची मागची भिंत त्यानंच बांधलेली, मातीतली वीट, बाहेरून नुसता गिलावा. मधोमध जागा धरून त्यानं पहार मारली. गिलाव्याचा पोपडा पडला. दुसरी मारली. मोतीबाई धावत आली, तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्याचा चेहरा पाहिला आणि ती खाली पडलेली माती बाजूला ओढू लागली.

पहार चालवता चालवता हिरासिंग बोलू लागला. स्टुलावर बसून सांगायचा तसंच, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बराबर ऐका. जहाज फुटलं. सगळ्यायला वाटलं पोरगं गेलं. पण गेलं न्हाई. ते आत बसून हाय, अंधारात. बाहेरून त्याचा बा आला. बा बुढा हाय, त्याला बंदूक चालवता येत न्हाई. पण ही भीत त्यानंच बांधली, त्याला ठाव हाय कुठं कच्ची हाय. आता बघा. आता पहिली ईट हालून राहिली."

त्याचा श्वास पुरत नव्हता. हाताचे फोड फुटून पहार निसटत होती. त्याला थांबायची भीती वाटत होती, कारण थांबलं की आतली शांतता ऐकावी लागली असती. शेजारपाजारचे हळदीतून येऊन बांधावर उभे राहिले. कुणी हसलं नाही. पहिली वीट आत ढकलली गेली आणि भिंतीत हाताएवढं भोक पडलं. त्यातून कोंदट, तापलेली हवा बाहेर आली. आत काळं होतं, काही दिसत नव्हतं.

"हे मागचं दार," हिरासिंग म्हणाला. त्याच्याच्यानं पुढचं सांगवेना. त्यानं पहार टाकली आणि त्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला. गाल भिंतीला टेकला. हात आत पसरून तो तसाच उभा राहिला. ऊन भिंतीवरून सरकत होतं. मोतीबाईनं त्याच्या डोक्यावर आपली ओढणी धरली. संगिता हाका मारून मारून पुढच्या दाराशीच बसली होती.

बऱ्याच वेळानं आत काहीतरी घासल्याचा आवाज झाला. हिरासिंगच्या तळहातावर काहीतरी जड ठेवलं गेलं. त्यानं बोटं मिटली आणि हात हळूच बाहेर काढला. वीट होती, भोकाच्या बाजूची, आतून उकरून काढलेली.

त्यानं ती खाली ठेवली आणि हात पुन्हा आत घातला.